सागरी गोगलगायींच्या डिंभातील शिखरस्थ संवेदी अवयव : सूक्ष्मरचना व कार्य

बीजसंज्ञा : वेलिजर, शिखरस्थ संवेदी अवयव, चेतापेशी, रूपांतरण

प्रस्तावना :
अनेक सागरी गोगलगायींच्या जीवनचक्रात वेलिजर हा पोहणारा डिंभ आढळतो. पाठ्यपुस्तकांतून त्याचा परिचय प्रायः शरीराला पडणाऱ्या पिळाच्या संदर्भात होतो. तथापि सागरतळावर योग्य जागी उतरणे हा या डिंभाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो. कारण एकदा रूपांतरण झाले की परत फिरता येत नाही. हा निर्णय कोणत्या अवयवाच्या आधारे होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सूक्ष्मरचना :
वेलिजरच्या पादात संतुलनपुटींची जोडी असते. पुटीतील घन कण पक्ष्माभिकांवर टेकल्याने गुरुत्वाची दिशा कळते. विकसित डिंभात डोळेही असतात. रासायनिक संवेदनेच्या दृष्टीने मात्र वेलमच्या दोन पाळ्यांमध्ये, मस्तिष्क गुच्छिकांना जोडणाऱ्या सेतूलगत असलेला शिखरस्थ अवयव महत्त्वाचा आहे. चिया व कॉस यांनी १९८४ मध्ये रोस्टांगा पुल्क्रा या जातीतील या अवयवाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने वर्णन केले. त्यातील काही चेतापेशी कुपीसारख्या असतात. त्यांच्या पक्ष्माभिका बाहेर न येता आतील पोकळीत दाटलेल्या असतात व ती पोकळी सूक्ष्म छिद्राने बाहेर उघडते. इतर पेशींच्या पक्ष्माभिका मात्र थेट समुद्रजलात असतात. याशिवाय सेरोटोनिनयुक्त चेतापेशीही तेथे आढळतात.

कार्य :
फेस्टिला सिबोगी ही गोगलगाय पोरायटीस प्रवाळावर उपजीविका करते. प्रवाळातून पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यामुळे तिच्या डिंभाचे रूपांतरण सुरू होते. हॅडफील्ड व सहकाऱ्यांनी २००० मध्ये या अवयवातील पेशी रंगद्रव्याने रंगवून प्रकाशाच्या योगे नष्ट केल्या. असे डिंभ प्रवाळाच्या संकेताला प्रतिसाद देईनासे झाले. यावरून या अवयवाची आवश्यकता सिद्ध होते; परंतु प्रत्येक पेशीप्रकाराचे स्वतंत्र कार्य त्यातून निश्चित होत नाही. इलियानासा ऑब्सोलेटा या जातीत सेरोटोनिन रूपांतरणास चालना देते, तर नायट्रिक ऑक्साइड ते रोखून धरते. रूपांतरणाच्या वेळी तिच्या शिखरस्थ गुच्छिकेचा पूर्वनियोजित पेशीमृत्यूने लोप होतो.

निष्कर्ष :
हा अवयव केवळ डिंभावस्थेपुरता असल्याने प्रौढ प्राण्याच्या विच्छेदनातून त्याचे आकलन होऊ शकत नाही. प्रवाळ नष्ट झाल्यास त्यावर अवलंबून असलेल्या गोगलगायींचे अन्नच नव्हे, तर त्यांच्या डिंभांना मिळणारा उतरण्याचा संकेतही नाहीसा होतो. म्हणून डिंभांच्या सूक्ष्मरचनेचा अभ्यास सागरी परिसंस्थेच्या संवर्धनाशी निगडित ठरतो.