पदवी परदेशाची, नोंदणी स्वदेशाची

परदेशातील वैद्यकीय पदवी ही हुंडीसारखी आहे. ती कोठे लिहिली यापेक्षा कोठे वटते, यावर तिचे मोल ठरते. नीटचा निकाल लागून शासकीय महाविद्यालयाची आशा मावळली, की अनेक व्यापारी कुटुंबांत रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान ही नावे घेतली जाऊ लागतात आणि ठेवी मोडल्या जातात.

देशादेशांमधील ही मान्यता कधीच कायमची नव्हती. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा जन्मास आला. १९७५ मध्ये तेथील दार पुन्हा बंद झाले व भारतीय डॉक्टरांना परीक्षेस बसणे भाग पडले. आता परीक्षा घेणाऱ्याच्या जागी भारत आहे.

नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार इंग्रजी माध्यमातील किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आवश्यक आहे. याखेरीज एक अट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ज्या देशात शिक्षण झाले, तेथील नागरिकांच्या बरोबरीने तेथे व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यास ती पदवी पात्र हवी. केवळ परकीय विद्यार्थ्यांसाठी चालविलेला अभ्यासक्रम येथेच अडतो. ‘आयोगमान्य महाविद्यालय’ ही दलालांची जाहिरात तर निव्वळ फसवी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी महाविद्यालयांची कोणतीही मान्य यादी काढत नाही. जागतिक निर्देशिकेत संस्थेचे नाव असणे म्हणजेही मान्यता नव्हे. म्हणून दलालाच्या माहितीपत्रकापेक्षा त्या देशाचा परवान्याचा नियम लेखी मागवून घ्यावा.

स्वदेशी परतल्यावर एफएमजीई ही परीक्षा असते. उत्तीर्ण होण्यासाठी ३०० पैकी १५० गुण लागतात, आणि बहुतेक सत्रांत निम्म्याहून कमी परीक्षार्थी यशस्वी होतात. त्यानंतर येथील १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि मगच कायम नोंदणी.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या पालकांनी येथे एक हिशेब मांडावा. बँकांच्या प्रचलित योजनेत हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. परीक्षेची तयारी, निकाल व इंटर्नशिप यांचा काळ मिळून त्याहून अधिक होतो. परीक्षेत एकदा जरी अपयश आले, तरी सहा महिने आणखी जातात. हप्ता मात्र सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या खात्यातून ठरल्या तारखेस वळता होतो. दुकानाच्या भांडवलास हात न लावता ही तरतूद प्रवेश घेतानाच वेगळी काढून ठेवलेली बरी.