वस्त्या वाचण्याची सहल : नरखेडहून नागपूरच्या पेठांकडे

नरखेड तालुक्यातील शाळांच्या सहली नागपूरला येतात, तेव्हा त्यांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. दीक्षाभूमीचे दर्शन, महाराजबागेतील प्राणी, १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, रमण विज्ञान केंद्र आणि सायंकाळी सीताबर्डीचा बाजार. ही स्थळे पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. परंतु एवढे पाहून परतणाऱ्या विद्यार्थ्याला नागपूर दिसते, नागपूरकर कोठे व कसे राहतात हे मात्र दिसत नाही. ते पाहावयाचे तर गर्दीचे चौक ओलांडून शांत वस्त्यांत शिरले पाहिजे. शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना तेथे आपल्या गावाच्या उपयोगाचेही बरेच काही आढळेल.

बारा खेड्यांचे शहर

नागपूर हे मुळात खेड्यांतूनच घडलेले शहर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास ‘राजापूर बारसा’ या नावाने ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नाग नदीच्या काठी हे नगर वसविले. पुढे भोसल्यांच्या काळात ते राजधानी झाले. राजवाड्याभोवतीची वस्ती ‘महाल’ म्हणून प्रसिद्धीस आली, तर इतर अनेक पेठांना वारांची नावे मिळाली : इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ज्या तालुक्यात आठवडी बाजाराच्या वारावर शेतकरी आपले व्यवहार आखतो, तेथील माणसाला ही नावे समजावून सांगावी लागत नाहीत. बाजार ज्या वारी भरे, तोच वार वस्तीला चिकटला. बाजार पांगले, नावे राहिली.

रस्ता ओलांडला की

या जुन्या वस्तीची वाट सहलीच्या नेहमीच्या मार्गालगतच आहे. रमण विज्ञान केंद्रासमोर गांधीसागर तलाव आहे. जुम्मा तलाव अथवा शुक्रवारी तलाव ही त्याची जुनी नावे. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळात शहराला तट बांधला गेला आणि हा तलाव आकारास आला. तलावापासून महालाकडे चालू लागले की गांधी गेट लागते. पूर्वीचा जुम्मा दरवाजा तो हाच. येथून आतल्या गल्ल्यांत वळले म्हणजे वाहनांचा आवाज मागे पडतो. लाकडी खांबांचे, चौकाचे जुने वाडे अद्याप काही ठिकाणी उभे आहेत. काहींच्या जागी बहुमजली इमारती आल्या आहेत. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन काळ नांदताना येथे दिसतात.

महालाच्या उत्तरेस इतवारी, त्यापुढे गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ आणि मोमीनपुरा या वस्त्या विणकरांच्या. कोष्टी आणि मोमीन समाजांच्या हातमागांवर नागपुरी लुगडी व धोतरे विणली जात. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागाशेजारी गिरणीचा भोंगाही या भागाचा दिनक्रम ठरवू लागला. ती गिरणी आज चालू नाही. हातमागही फार थोडे उरले आहेत. गल्ल्यांची शांतता म्हणजे सर्वत्र सुखाचीच शांतता असते असे नाही, हे विद्यार्थ्यांना येथे सांगता येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र या भागाचे रूप पालटते. काळ्या व पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकी निघतात. विदर्भातील गावोगाव चालणारी ही रीत शहराच्या पेठांनी सोडलेली नाही.

पाण्याची वाट

लोहमार्गाच्या पश्चिमेस नागपूरचे दुसरे रूप आहे. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ या वस्त्या सरळ रस्ते, आवारातील झाडे आणि बंगले यांनी ओळखल्या जात. १९३६ च्या कायद्यानुसार नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि शहराच्या वाढीला आखीव स्वरूप देण्याचे काम त्याच्याकडे आले.

तथापि आखणी केवळ रस्त्यांची करून भागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट यांसारख्या निवांत वस्त्यांतील घरांत पाणी शिरले. एरवी नाला म्हणून दुर्लक्षिला जाणारा प्रवाह ही नदी आहे, याची आठवण त्या रात्रीने करून दिली.

नरखेड तालुक्याला हा धडा नवा नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि पुढे गावाचे नव्या जागेवर पुनर्वसन करावे लागले. घरे पुन्हा बांधता येतात; परंतु शेजार, गल्ली, पार आणि बाजाराची जागा यांचे नाते नव्याने जुळण्यास पिढी जावी लागते. वस्ती कोठे बसते आणि पाणी कोठून वाहते, हा प्रश्न पंचायतीच्या प्रत्येक सदस्याने गावठाण विस्ताराचा विचार करताना प्रथम विचारावयास हवा.

सहल कशी आखावी

अशा सहलीस मोठा खर्च लागत नाही. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या गटाने सकाळच्या वेळी, एकच भाग निवडून पायी फिरावे. बरोबर तीन प्रश्न असावेत : येथे पाणी कोठून येत असे? बाजार कोणत्या वारी भरत असे? लोक कोणते काम करीत आणि आज काय करतात? ओट्यावर बसलेले वृद्ध बहुधा आनंदाने सांगतात. मात्र वस्ती हे प्रदर्शन नव्हे. परवानगीवाचून कोणाच्या दारात डोकावू नये व छायाचित्र घेऊ नये. देवळात, मशिदीत, विहारात तेथील रीत पाळावी. गल्ल्यांत गोंगाट करू नये.

गावी परतल्यावर हेच तीन प्रश्न आपल्या वस्तीला विचारावेत. नरखेड, जलालखेडा वा मोवाड येथील जुन्या विहिरी, बाजाराची जागा, ओढ्याचे जुने पात्र आणि बंद पडलेले व्यवसाय यांची नोंद विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांकडून करून घेतली, तर शाळेला इतिहासाचे साधन आणि ग्रामसभेला नियोजनाचा आधार मिळेल. बारा खेड्यांतून शहर घडले. त्याच्या गल्ल्यांत फिरून आपले खेडे नीट पाहण्याची दृष्टी आली, तर ती सहल सार्थकी लागली असे म्हणता येईल.