डबकी किती बुजवणार?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या धानपट्ट्यात ग्रामीण हिवतापाचा मुख्य वाहक म्हणजे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस डास. त्याची मादी धानाच्या बांध्यांत, बोड्यांत (लहान तळ्यांत), नाल्याच्या डबक्यांत, पावसाने भरलेल्या खड्ड्यांत अंडी घालते. धानाच्या मुलखात अशा जागा कितीक असणार! म्हणून गप्पी मासे आणि अळीनाशकांवर सारी भिस्त ठेवणे मला चुकीचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनाही अळीनाशक मुख्यतः तिथेच सुचवते, जिथे डबकी थोडी, कायमची आणि सापडण्याजोगी असतात. घरातल्या फवारणीचाही जोर ओसरला आहे, कारण हा डास देशाच्या बहुतेक भागांत डीडीटीला आणि अनेक ठिकाणी मॅलेथिऑनलाही जुमानत नाही. त्यामुळे पहिला भर कीटकनाशकयुक्त मच्छरदाणीवर हवा.

रात्री शेत राखायला, म्हणजे जागलीला, किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेला माणूस घरच्या मच्छरदाणीत नसतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यामुळे मच्छरदाणी बाद होत नाही. मचाणावर बांधता येईल अशी वेगळी मच्छरदाणी त्याला द्यावी लागते. मच्छरदाणीतल्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकालाही डास काही राज्यांत सरावू लागले आहेत, तेव्हा वाटपासोबत स्थानिक डासांची नियमित चाचणी हवी आणि ताप येताच गावातच आशाताईंकडून रक्ततपासणी.