फुकट उन्हाची महाग वीज

सूर्याच्या प्रकाशाला दाम पडत नाही. राजाच्या वाड्यावर आणि गरिबाच्या झोपडीवर तो सारखाच पडतो. तरीही या फुकट उन्हापासून तयार केलेली वीज कित्येक वर्षे सामान्य माणसाच्याच काय, श्रीमंत देशांच्याही आवाक्याबाहेर होती. १९७६ साली सौर पॅनेलची किंमत, २०१९ च्या डॉलरमध्ये मोजली, तर दर वॉटमागे सुमारे १०६ डॉलर होती. २०१९ साली ती ०.३८ डॉलरवर आली. म्हणजे ज्या वस्तूसाठी पूर्वी जवळजवळ २८० रुपये मोजावे लागले असते, ती एका रुपयात मिळू लागली.

ऊन तेच होते आणि सूर्यही तोच होता. मग बदलले काय? ही किंमत कोणी खाली आणली आणि त्यासाठी लागलेला पैसा कोणाच्या खिशातून गेला? हवामान बदलाच्या संकटाला तोंड देणाऱ्या जगाला या प्रश्नांची उत्तरे मोलाची आहेत. कारण विजेचा साठा, पोलाद, सिमेंट अशा अनेक बाबतींत हेच पुन्हा एकदा घडवून आणावे लागणार आहे.

या कथेची सुरुवात प्रयोगशाळेत झाली. प्रकाशामुळे विद्युतप्रवाह निर्माण होऊ शकतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्येच पाहिले होते. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट तयार व्हायला १९५४ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी तो सिद्ध केला. अंगावर पडणाऱ्या प्रकाशातील सुमारे सहा टक्के ऊर्जेचे तो विजेत रूपांतर करीत असे. १९५८ साली ‘व्हॅनगार्ड १’ हा छोटा उपग्रह असे घट घेऊन अवकाशात गेला. त्याच्यावरील साध्या बॅटरीवर चालणारे प्रक्षेपक यंत्र काही महिन्यांतच बंद पडले. सौर घटांवर चालणारे मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवीत राहिले. अवकाशात दुसरा सोयीचा पर्याय नव्हता, म्हणून तेथे किमतीचा विचार गौण होता. जमिनीवर तशी स्थिती नव्हती. येथे कोळसा स्वस्त होता.

पण कोळसा खरोखरच स्वस्त होता का? इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली एक महत्त्वाचा विचार मांडला. कारखान्याच्या धुरामुळे शेजाऱ्यांचे कपडे काळवंडतात, भिंती खराब होतात, माणसे आजारी पडतात. हा सारा खर्च शेजारी सोसतात. कारखानदाराच्या हिशेबवहीत त्याची नोंदच होत नाही. व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्यालाच, अशा परिणामाला अर्थशास्त्रात ‘बाह्यता’ म्हणतात. कोळशापासून एक युनिट वीज तयार करताना साधारणपणे एक किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० हून अधिक झाले. त्यामुळे पृथ्वी तापते, पावसाचे वेळापत्रक बिघडते, समुद्राची पातळी वाढते. ही किंमत वीज बिलात कोठेच दिसत नाही. ती शेतकरी, कोळी आणि अजून जन्माला न आलेली मुले भरतात. म्हणून कोळशाची वीज स्वस्त दिसत होती.

बाजाराची दुसरी उणीव ज्ञानाशी संबंधित आहे. एखाद्याने भाकरी दिली, तर त्याच्या टोपल्यातील एक भाकरी कमी होते. ज्ञान मात्र दिल्याने कमी होत नाही. एका कारखान्याने नवी युक्ती शोधली, की ती आज ना उद्या दुसऱ्यांना कळतेच. समाजाला याचा फायदा होतो. परंतु ज्याने प्रथम पैसा आणि श्रम ओतले, त्याच्या पदरात त्या फायद्याचा लहानसा भागच पडतो. त्यामुळे खासगी उद्योग समाजाला हवे असते त्यापेक्षा कमी संशोधन करतात. २०१८ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विल्यम नॉर्डहाउस आणि पॉल रोमर यांना विभागून देण्यात आले. हवामान बदलाचा अर्थव्यवस्थेशी असलेला संबंध नॉर्डहाउस यांनी मांडला, तर नवे ज्ञान आणि तंत्रज्ञान यांचे अर्थशास्त्र रोमर यांनी उलगडले. बाजाराच्या या दोन्ही उणिवा एकत्र विचारात घ्यायला हव्यात, हेच जणू त्या पारितोषिकाने सुचविले.

ज्ञान केवळ प्रयोगशाळेत जन्माला येत नाही. ते कामाच्या ओघातही वाढते. थिओडोर राइट यांनी १९३६ साली विमानांच्या कारखान्यांचा अभ्यास करून दाखवून दिले, की तयार झालेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली, की एका विमानामागे लागणारे श्रम ठरावीक प्रमाणात कमी होतात. कामगारांचा हात बसतो, नासधूस घटते, यंत्रांची मांडणी सुधारते. १९६२ मध्ये अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी ‘करता करता शिकणे’ या कल्पनेला अर्थशास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले. सौर पॅनेलच्या बाबतीत हा नियम ठळकपणे दिसतो. जगात बसविलेल्या पॅनेलांची एकूण क्षमता दर वेळी दुप्पट होत गेली, तसतशी त्यांची किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरत गेली.

येथेच खरी अडचण होती. पॅनेल महाग म्हणून कोणी घेत नव्हते. कोणी घेत नव्हते म्हणून ते फारसे तयार होत नव्हते. आणि तयार होत नव्हते म्हणून स्वस्तही होत नव्हते. हे चक्र कोणीतरी भेदायला हवे होते. महाग असतानाच माल विकत घेणारा गिऱ्हाईक हवा होता.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि तेल आयात करणारे देश हादरले. जपानने १९७४ मध्ये नव्या ऊर्जास्रोतांच्या संशोधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तेथील कारखान्यांना खिशात मावणाऱ्या गणकयंत्रांच्या रूपाने एक छोटी बाजारपेठही मिळाली. १९९४ पासून घरांच्या छपरांवर पॅनेल बसविणाऱ्यांना जपान सरकारने अनुदान दिले. सुरुवातीला ते जवळजवळ निम्म्या खर्चाइतके होते. पुढे किमती उतरल्या, तसे तेही कमी करण्यात आले.

त्याहून मोठे पाऊल जर्मनीने उचलले. हेर्मान शेअर, हान्स-योसेफ फेल आणि इतर लोकप्रतिनिधींच्या प्रयत्नांमुळे २००० साली तेथे अक्षय ऊर्जेचा कायदा झाला. सौर वीज निर्माण करणाऱ्याला ठरलेला दर वीस वर्षे मिळेल, अशी हमी या कायद्याने दिली. आरंभी हा दर युनिटमागे सुमारे ५१ युरोसेंट, म्हणजे नेहमीच्या विजेच्या कितीतरी पट होता. हमी मिळताच शेतकऱ्यांनी गोठ्यांच्या छपरांवर आणि शिक्षकांनी घरांवर पॅनेल बसविले, बँकांनी कर्जे दिली. हा पैसा सरकारी तिजोरीतून न देता वीज बिलावर अधिभार लावून उभा केला गेला. २०१४ साली हा अधिभार युनिटमागे सहा युरोसेंटांच्या वर गेला होता. वर्षाला ३,५०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी २०० हून अधिक युरो मोजावे लागत. भरपूर वीज वापरणाऱ्या अनेक मोठ्या उद्योगांना त्यातून सूट होती; साध्या घरांना नव्हती. ज्यांच्याकडे स्वतःचे छप्पर होते त्यांना उत्पन्न मिळाले आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नुसताच अधिभार भरला, ही टीका रास्त होती. शेवटी २०२२ मध्ये हा अधिभार रद्द करण्यात आला.

जर्मनीने मागणी निर्माण केली, पण तिचा मोठा लाभ घेतला चीनने. शी झंगरोंग हे चिनी संशोधक ऑस्ट्रेलियात प्राध्यापक मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी २००१ साली चीनमधील वूशी येथे ‘सनटेक’ ही कंपनी सुरू केली. असे अनेक कारखाने उभे राहिले. त्यांनी जर्मन यंत्रसामग्री आणली, स्थानिक शासनाचे पाठबळ मिळविले आणि प्रचंड प्रमाणावर उत्पादन केले. किमती कोसळल्या. एके काळी जगात अग्रेसर असलेल्या ‘क्यू-सेल्स’ या जर्मन कंपनीचे २०१२ मध्ये दिवाळे वाजले आणि २०१३ मध्ये सनटेकच्या वूशी येथील मुख्य कंपनीचीही तीच गत झाली. ज्ञान सर्वांचे झाले. ज्यांनी ते प्रथम कमावले, त्यांच्या हाती ते राहिले नाही. आज पॅनेलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. एकाच देशावरील हे अवलंबन ही स्वस्ताईची दुसरी बाजू होय.

भारतात जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली. त्या वेळी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे असा ठरविला होता. एवढी महाग वीज राज्यांची वीज मंडळे कशी घेणार? यावर एक व्यवहारी तोडगा काढण्यात आला. सौर वीज औष्णिक केंद्रांच्या स्वस्त विजेत मिसळून एकत्रित दराने विकण्यात आली. सौर केंद्र केवळ दिवसा चालते आणि औष्णिक केंद्र रात्रंदिवस. म्हणून या मिश्रणात महाग युनिटे थोडी आणि स्वस्त युनिटे पुष्कळ असत. शिवाय जो सर्वांत कमी दर मागेल त्यालाच कंत्राट, अशी लिलावाची पद्धत स्वीकारली गेली. २०१० च्या अखेरीस झालेल्या पहिल्याच लिलावात दर १० रुपये ९५ पैशांपर्यंत उतरला. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैसे झाला. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. अर्थात हा आकडा जपून वाचायला हवा. रात्र आणि ढगाळ हवा यांमुळे सौर केंद्र वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण एक पंचमांश इतकीच वीज देते.

यावरून एक प्रश्न पुढे येतो. धूर सोडणाऱ्यावर कर बसविला असता, तर हे सारे आपोआप झाले नसते का? पिगू यांच्या विचारानुसार प्रदूषणाची किंमत वसूल करणे हा सरळ उपाय आहे. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावला. युरोपीय संघाने २००५ पासून प्रदूषणाच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. भारताने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. कर योग्य असला, तरी पर्याय हाताशी नसताना तो जाचक ठरतो. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरील कर वाढणार म्हणताच पिवळी जाकिटे घातलेले हजारो लोक रस्त्यावर उतरले. गावाबाहेर राहणाऱ्या आणि मोटारीशिवाय कामावर जाऊ न शकणाऱ्या माणसांचा त्यांत मोठा भरणा होता. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. याउलट नुसतेच अनुदान दिले आणि धूर फुकट ठेवला, तर नव्या विजेबरोबर जुना कोळसाही जळत राहतो. टाळी एका हाताने वाजत नाही. प्रदूषणाला किंमत आणि नव्या ज्ञानाला आधार, हे दोन्ही लागतात. मात्र स्वच्छ पर्याय जितका स्वस्त होईल, तितका प्रदूषणावरील कर लोकांना सुसह्य होतो.

काम अजून पुष्कळ उरले आहे. रात्रीसाठी वीज साठवावी लागते. २०१० नंतरच्या तेरा-चौदा वर्षांत लिथियम बॅटऱ्यांच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, हे शुभचिन्ह आहे. कोळशाशिवाय पोलाद आणि धुराशिवाय सिमेंट तयार करण्याच्या रीती मात्र अजून महाग आहेत. खाणींवर ज्यांच्या चुली पेटतात, त्या झारखंड, छत्तीसगड, विदर्भातील कामगारांना दुसरे काम मिळवून देण्याचा खर्चही याच हिशेबात धरायला हवा. अन्यथा तोही ‘तिसऱ्याने भरायचा भुर्दंड’ ठरेल.

या नव्या महाग वस्तूंचे पहिले गिऱ्हाईक कोणी व्हावे? भारतातील दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती मिळविली, त्यांनी पहिला भार उचलावा, हेच न्यायाला धरून आहे. महाग असताना घेतलेली वस्तू केवळ घेणाऱ्याच्या घरी राहत नाही; ती पुढच्या सर्वांसाठी स्वस्त होत जाते. आजोबांनी लावलेल्या झाडाचे आंबे नातवंडे खातात. जर्मनीतील कुटुंबांनी वीज बिलातून जे झाड वाढविले, त्याची फळे राजस्थानच्या वाळवंटात पिकली.