'खडा अस्सल आहे' म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं?

सराफाच्या दुकानात पुष्कराज घेताना गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतं: "खडा अस्सल आहे ना?" सराफ म्हणतो, "अगदी अस्सल." समजा तो खरंच बोलतोय. तरीही हेच उत्तर दोन अशा खड्यांना लागू पडू शकतं, ज्यांतल्या एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट असायला हवी. दोन्ही जमिनीतून निघालेले, दोन्ही पिवळे. फक्त एकाचा पिवळा रंग निसर्गाने दिलेला आणि दुसऱ्याचा भट्टीत आणलेला.

आपल्याकडे अंगठीतला खडा अनेकदा पत्रिका बघून घेतात, आणि त्यासाठी घरातली मोठी रक्कम खर्च होते. त्यामुळे हा विषय गिऱ्हाईक म्हणून उपयोगाचा आहेच. पण पेट, नेट-सेट किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी मी तो वेगळ्या कारणाने निवडलाय. 'मोजमाप नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं?' हे शिकायला रत्नपरीक्षेइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

एका प्रश्नात लपलेले तीन प्रश्न

'अस्सल आहे का?' या प्रश्नाचे आधी तुकडे करू. पहिला तुकडा: हा पदार्थ कोणता? दुसरा: तो जमिनीतला आहे की प्रयोगशाळेत वाढवलेला? तिसरा: जमिनीतून काढल्यावर त्यावर काय काय केलं गेलं? तिन्ही प्रश्न स्वतंत्र आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कामी येत नाही.

माणिक, नीलम आणि पुष्कराज ही तिन्ही एकाच खनिजाची रूपं आहेत. खनिजाचं नाव कुरुंद, म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यात थोडं क्रोमियम शिरलं की माणिक होतं. लोह आणि टायटॅनियमची जोडी असली, तर त्यांच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होऊन निळा रंग दिसतो. कुरुंदाचा अपवर्तनांक साधारण १.७६ ते १.७७ आणि सापेक्ष घनता ४ च्या आसपास. हे दोन आकडे मोजले की पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

आता गंमत बघा. तोच खडा १७०० अंशांच्या भट्टीतून काढून आणा आणि पुन्हा मोजा. आकडे तेच येतील. मोजमाप चुकलेलं नाही, उपकरणही बिघडलेलं नाही. तुम्ही तिसरा प्रश्न विचारताय आणि उपकरण पहिल्याचं उत्तर देतंय, इतकंच.

भट्टीत काय होतं?

खड्याला उष्णता देणं ही काही कालची युक्ती नाही. खंबायतच्या अकीक कारागिरांकडे दगड भाजून तांबडा करण्याची परंपरा फार जुनी आहे. अकराव्या शतकात अल-बिरुनीने माणकाला उष्णता देण्याबद्दल लिहून ठेवलंय. पण १९७० च्या दशकात एक मोठा बदल झाला. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधट, धुरकट कुरुंद मिळायचे आणि त्यांना फारशी किंमत नसायची. थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते नेऊन उच्च तापमानाला तापवले, तर त्यांतले कित्येक सुंदर निळे झाले.

कारण असं. दुधटपणा येतो तो रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या, अतिसूक्ष्म कणांमुळे आणि सुयांमुळे. पुरेशी उष्णता मिळाली की त्या विरघळतात आणि टायटॅनियम कुरुंदाच्या जाळीत शिरतं. भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवला, तर काही लोह आवश्यक त्या अवस्थेत येतं. जोडी जमते, रंग दिसतो. दगडातला कच्चा माल आधीपासून तिथेच होता. भट्टीने फक्त त्याची मांडणी बदलली.

मग हे ओळखायचं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली. न तापवलेल्या खड्यात रुटाइलच्या सुया सलग, रेशमाच्या धाग्यांसारख्या दिसतात. तापवलेल्यात त्या तुटून ठिपक्यांची रांग होते. आत अडकलेल्या दुसऱ्या खनिजांच्या स्फटिकांभोवती ताणामुळे चकतीसारख्या भेगा दिसतात. म्हणजे ज्याला आपण खड्यातला 'दोष' म्हणतो, तोच त्याच्या इतिहासाची नोंदवही असतो. एकदम निर्दोष, स्वच्छ खड्याचा इतिहास वाचणं म्हणूनच अवघड जातं.

ज्याने प्रयोगशाळांची परीक्षा घेतली

२००१ च्या सुमारास थायलंडमधल्या चंथाबुरीहून नारिंगी-गुलाबी नीलम मोठ्या संख्येने बाजारात येऊ लागले. या रंगाच्या नैसर्गिक खड्याला 'पद्मराग'वरून आलेलं 'पदपराश्चा' हे सिंहली नाव आहे, आणि तो अत्यंत दुर्मिळ. दुर्मिळ वस्तू अचानक ढिगाने यायला लागली की कुठल्याही संशोधकाच्या मनात पाल चुकचुकायला हवी. पण नेहमीच्या तपासण्यांत या खड्यांत वावगं काही सापडेना. उष्णता दिल्याच्या खुणा होत्या, पण ती तर नेहमीचीच गोष्ट. काही प्रयोगशाळांनी त्यांना 'फक्त उष्णता दिलेला' असे अहवालही दिले.

एक खूण मात्र खटकणारी होती. खडा मिथिलीन आयोडाइडसारख्या, जवळपास तेवढाच अपवर्तनांक असलेल्या द्रवात बुडवला की पृष्ठभागावरची चमक नाहीशी होते आणि आतला रंग कसा पसरलाय ते स्पष्ट दिसतं. या खड्यांत नारिंगी रंगाची एक कड दिसायची, आणि ती खड्याच्या पैलूंना धरून वळायची. इथे थोडं थांबून विचार करा. स्फटिक जमिनीत वाढताना त्याचे रंगपट्टे वाढीच्या दिशेने पडतात. पैलू तर माणसाने नंतर पाडले. मग रंगाला पैलूंचा आकार कसा कळला? उत्तर एकच: रंग बाहेरून, पैलू पाडून झाल्यावर किंवा निदान खडा त्या आकारात आल्यावर आत शिरला.

पण शिरलं काय? मूलद्रव्यं ओळखायला तेव्हा सर्रास वापरलं जायचं ते क्ष-किरण प्रतिदीप्तीचं उपकरण. ते सोडियम-मॅग्नेशियमच्या पुढची मूलद्रव्यं दाखवतं. त्याहून हलक्या मूलद्रव्यांचे क्ष-किरण इतके क्षीण असतात की ते शोधकापर्यंत पोहोचतच नाहीत. आणि गुन्हेगार निघालं बेरिलियम, अणुक्रमांक ४. ते पकडायला वस्तुमान वर्णपटमापनासारखी तंत्रं लागली. भट्टीच्या मुशीत कुरुंदाबरोबर क्रिसोबेरिल हे बेरिलियमयुक्त खनिज जात होतं आणि त्यातून बेरिलियम कुरुंदात झिरपत होतं.

दहा लाख अणूंमागे बेरिलियमचे दहा-वीस अणूसुद्धा पुरतात. इतक्याशाने रंग कसा बदलतो? हा जमाखर्चाचा हिशोब आहे. कुरुंदाच्या जाळीत ॲल्युमिनियमची जागा तीन धनप्रभारांची. तिथे चार प्रभारांचं टायटॅनियम बसलं की एक प्रभार जमेला. दोन प्रभारांचं मॅग्नेशियम किंवा बेरिलियम बसलं की एक खर्ची. जमा जास्त असली तर पिवळा रंग नाही. खर्च जास्त झाला, आणि भट्टीत ऑक्सिजन भरपूर असला, की जाळीत इलेक्ट्रॉनच्या 'रिकाम्या जागा' तयार होतात. त्या निळा प्रकाश शोषतात आणि खडा पिवळा किंवा नारिंगी दिसतो. मूळ खडा गुलाबी असेल, तर पिवळा अधिक गुलाबी म्हणजे तो दुर्मिळ पदपराश्चा रंग!

आता विसरणाचं साधं गणित. आत शिरण्याची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट खोल जायचं तर चौपट वेळ लागतो. याआधी निळ्या रंगासाठी टायटॅनियम असंच बाहेरून घुसवायचे, पण ते पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात अडकायचं. खडा पुन्हा घासला की रंग जायचा. बेरिलियमचा अणू लहान, त्याचा वेग कितीतरी जास्त. भट्टीत पुरेसा वेळ ठेवलं तर ते आरपार जातं, आणि मग ती खटकणारी कडसुद्धा दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाचा पुरावा गेला, उरलं फक्त रासायनिक मोजमाप. पिवळा पुष्कराज घेताना हे लक्षात ठेवा.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे असं दिसलं की काही नैसर्गिक नीलमांतही थोडं बेरिलियम असतं, ढगासारख्या सूक्ष्म समावेशांच्या भागात, आणि त्याच्यासोबत नायोबियम-टॅंटॅलमसारखी जड मूलद्रव्यं सापडतात. म्हणजे 'बेरिलियम सापडलं' एवढ्यावरून 'प्रक्रिया झाली' असा निष्कर्ष काढता येत नाही. ते कुठे आहे, कोणाच्या सोबतीने आहे, स्वच्छ भागात किती आहे, हे पाहावं लागतं.

भेगा बुजवणं: रंग नाही, आधार

दुसऱ्या प्रकारच्या प्रक्रियेत रंगाला हात लावत नाहीत, भेगा लपवतात. कागदावर तेलाचा थेंब पडला की तो भाग पारदर्शक होतो, कारण धाग्यांमधल्या हवेच्या जागी तेल येतं आणि अपवर्तनांकातली तफावत कमी होते. पाचूचं तेच. पाचूचा अपवर्तनांक साधारण १.५८, तेलाचा १.५ च्या आसपास. भेगेत तेल गेलं की भेग डोळ्यांना जवळपास दिसेनाशी होते. पाचूला तेल देणं ही जुनी आणि बाजारात मान्य असलेली पद्धत आहे, पण किती तेल दिलंय त्यावर किंमत बदलते.

माणकात हेच काम शिसं मिसळलेल्या काचेने करतात. २००४ च्या सुमारास असे खडे बाजारात येऊ लागले. भेगांनी भरलेला, एरवी फेकून द्यावा असा कुरुंद काचेने भरला की तो देखणा माणिक दिसतो. खडा हलवताना भेगेत निळसर झळक आणि आत हवेचे बुडबुडे दिसले, तर ही काच समजा. धोका असा, की अंगठी दुरुस्त करताना सोनाराने ज्योत लावली किंवा दागिना आम्लात टाकला, तर काच खराब होते. लिंबाचा रस लागला तरी पृष्ठभागावर ओरखड्यांसारख्या रेषा उमटू शकतात. पाचूचं तेलही अल्ट्रासॉनिक यंत्रात धुताना निघून जाऊ शकतं.

म्हणून प्रक्रियांकडे 'चांगली-वाईट' असं न बघता दोन प्रश्न विचारा. ती टिकाऊ आहे का? आणि ती विकताना सांगितली आहे का? साधी उष्णता टिकाऊ असते, बेरिलियमचा रंगसुद्धा टिकतो. काच टिकत नाही. पण न सांगता विकणं या तिन्हींत सारखंच फसवं.

प्रमाणपत्राचं वाक्य नीट वाचा

चांगल्या प्रयोगशाळेच्या अहवालात 'उष्णता दिलेली नाही' असं सहसा लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं, 'उष्णता दिल्याच्या खुणा आढळल्या नाहीत.' ही वकिली भाषा नाही, ही शास्त्राची भाषा आहे. १००० अंशांच्या खाली दिलेली उष्णता रंगातली निळसर छटा काढून टाकू शकते आणि मागे फारच थोड्या खुणा ठेवते. खूण नसणं आणि घटना न घडणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर म्हणजे तुमच्या पद्धतीची शोधमर्यादा. उद्या तुमच्या प्रबंधात 'अशुद्धी नाही' लिहायचा मोह होईल, तेव्हा 'या पद्धतीने, या मर्यादेपर्यंत आढळली नाही' असं लिहा.

दुकानात मात्र थेट विचारा: खडा नैसर्गिक का? उष्णता दिली आहे का? बाहेरून मूलद्रव्य घुसवलंय का? भेगा भरल्यात का? उत्तरं बिलावर लिहून घ्या. रक्कम मोठी असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि पिवळ्या-नारिंगी खड्यासाठी बेरिलियमची तपासणी झाली आहे का, ते अहवालात शोधा. लिहून द्यायला विक्रेता का-कू करत असेल, तर तो खडा तिथेच राहू द्या.

जाता जाता एक अभ्यास. तुम्हाला एक पिवळा, पूर्ण स्वच्छ पुष्कराज दिलाय. लेझरने सूक्ष्म खड्डा पाडून मोजमाप करायची परवानगी फक्त गर्डलवर, तीन जागी. बेरिलियम थोडंसं सापडलं. ते निसर्गाचं की भट्टीचं, हे ठरवायला सोबत आणखी कोणती मूलद्रव्यं मोजाल, आणि कोणता निकाल आला तर तुम्ही तुमचं मत बदलाल? हे दुसरं उत्तर मोजमाप सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवा.