कागद मागायची लाज

गेल्या गणपतीच्या सुट्टीत ठाण्याहून पाहुणे आले, तेव्हा आम्ही नव्या कपाटाला पाठ लावून उभे होतो. फुगलेली दारं कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून!

माहीमच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या आणि दोन कपाटं करून घ्यायचं बरेच दिवस घाटत होतं. नात्यातल्या एकांनी बोईसरचा एक इंटिरिअर डेकोरेटर सुचवला. माणूस गोड बोलणारा. मोबाइलवर रंगीत चित्रं दाखवली, सगळं मिळून 3 लाख 40 हजार सांगितले आणि रमजानच्या आधी काम पुरं करतो म्हणाला. आम्ही 2 लाख दिले. कागद मात्र मागितला नाही. ओळखीतला माणूस, लेखी मागायचं म्हणजे त्याच्या इमानावर शंका घेण्यासारखं वाटलं. शाळेत सहलीच्या वर्गणीचीही पावती फाडणारे आम्ही!

त्या पैशांत अम्मींनी उमराहसाठी साठवलेले 80 हजारही होते. "आधी घर करा, मी नंतर जाईन," असं त्याच म्हणाल्या होत्या.

पंधरा दिवसांत सुतार यायचे थांबले. सामानासाठी म्हणून आणखी 60 हजार नेले. रमजान गेला, ईद गेली. मे महिन्यात कसंबसं काम उरकलं आणि पहिल्याच पावसात सनमायका सुटला, बिजागऱ्या गंजल्या. फोन केला तर उत्तर मिळालं, "समुद्राची हवा आहे, मी काय करणार?"

गावातल्या सुतारकाकांनी दार वाजवून पाहिलं आणि मान हलवली. प्लायवूडवर दर्जाचा शिक्का असतो. एमआर म्हणजे साध्या दमटपणापुरतं. स्वयंपाकघराला त्याहून पाणी सोसणारं बीडब्ल्यूआर लागतं. आमच्या फळ्यांवर शिक्काच नव्हता. समुद्राची हवा माहीमला काल आली काय?

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पैसे घेऊन केलेल्या कामातली कसूर जिल्हा आयोगापुढे नेता येते. मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. आमच्याकडे बँकेच्या नोंदी होत्या, मोबाइलवरचे निरोप होते. पण कोणतं प्लाय ठरलं होतं, याचा पुरावा कुठेच नव्हता. तो म्हणतो, हेच ठरलं होतं.

सूरह बकराची 282वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असं ती सांगते. आम्ही ती कितीदा पढलो असू! कागद मागणं म्हणजे अविश्वास, हे आम्ही कुठून शिकलो कोण जाणे.

दुरुस्ती आता सुतारकाकांकडे दिली आहे. मुलीच्या वहीच्या पानावर प्लायचा दर्जा, बिजागऱ्या, रक्कम, हप्ते आणि तारीख लिहिली. आम्ही जरा संकोचून पान पुढे केलं, तर काकाच म्हणाले, "मास्तर, एक प्रत मलाही द्या. पैसे तुम्ही बुडवलेत तर?"

साक्षीदार म्हणून अम्मींनी उर्दूत सही केली. त्यांचे 80 हजार आम्ही दर महिन्याच्या पगारातून पुन्हा जमवतो आहोत.