उजाड मुलखाची जमाबंदी

लढाया सगळ्यांना पाठ असतात. किल्ला कोणी घेतला, कोण फितूर झाला, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण लढाई आटोपल्यावर ओस गावात पहिला नांगर कोणी धरला, बैल कोणी दिले, सारा किती ठरला, हे कुणी विचारत नाही. मला मात्र या प्रश्नाने वर्षानुवर्षं झपाटलंय. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात राहतो म्हणून नव्हे, पण त्याचं सर्वांत चांगलं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे, अशी माझी खात्री आहे.

आधीचा इतिहास भरभर सांगतो. देवगिरीचे यादव, १२९६ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, महंमद तुघलकाची दौलताबाद राजधानी, मग बहमनी आणि अहमदनगरची निजामशाही. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांकडे गेला आणि मलिक अंबर उभा राहिला. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली. तेच आजचं आमचं शहर.

अंबराचं नाव निघालं की गनिमी कावा आणि नहर यांवर बोलणं थांबतं. मला त्याची जमाबंदी अधिक मोठी वाटते. १६१६मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. काही वर्षांत पुन्हा तेच झालं. अशा धामधुमीत त्याने वसुलीचे मक्ते मोडले. मक्तेदार रयतेला पिळतो आणि पळालेली रयत परत येत नाही, हे त्याने ओळखलं. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला आणि गावाची जबाबदारी पाटील-कुळकर्ण्यांवर टाकली. सरकारचा वाटा आधी धान्यात सुमारे दोन पंचमांश होता, पुढे तो रोखीत उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ आणला. खुलताबादला त्याच्या काळ्या दगडाच्या कबरीपाशी मी अनेकदा जातो. १६२६मध्ये तो गेला आणि सात वर्षांत दौलताबाद मोगलांच्या हाती पडलं.

त्यातच १६३०-३२चा भीषण दुष्काळ. माणसं गेली, गुरं गेली, शेतांत रान माजलं. १६५२मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार नेमला गेला तेव्हा कागदोपत्री दख्खनचा वसूल ३ कोटी ६२ लाख रुपये होता. हाती येत होता जेमतेम १ कोटी. म्हणजे तीन रुपयांतले दोन रुपये फक्त वहीत!

आता माझा आवडता माणूस येतो: दिवाण मुर्शिद कुली खान. मूळचा खुरासानचा. त्याने गावोगाव अमीन आणि मोजणीदार पाठवले. जिथे पाटील उरला नव्हता तिथे नवा नेमला. बैल, बी-बियाणं यांसाठी सरकारातून तगाई, म्हणजे शेतकर्ज, दिली. फेड हंगामावर, हप्त्याने. अकबराचा दिवाण तोडरमल याची मोजणी आणली, पण ती सगळ्यांच्या गळ्यात मारली नाही. काही भागांत नांगरामागे ठोक सारा तसाच ठेवला. काही ठिकाणी बटाई लावली: पावसावरच्या पिकात सरकारचा अर्धा वाटा, विहिरीवरच्या धान्यात एक तृतीयांश, ऊस-द्राक्षांसारख्या बागायतीत नवव्यापासून चवथ्या हिश्श्यापर्यंत. ज्याचा खर्च जास्त, त्याच्याकडून वाटा कमी. मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून तो दोरीचं एक टोक स्वतः धरायचा, असं सांगतात. सुभ्याचा दिवाण ढेकळांत उभा राहून दोरी धरतो! मला हे कुठल्याही विजयापेक्षा थोर वाटतं. १६५८च्या धर्मातच्या लढाईत तो औरंगजेबाच्या बाजूने लढताना पडला.

इथे थोडं आडवळण घेतो. त्याचं चरित्र ‘मासिर उल उमरा’ या ग्रंथात आहे आणि तो ग्रंथ आमच्याच शहरात लिहिला गेला. लेखक शाहनवाज खान १७५८मध्ये इथेच मारला गेला, घर लुटलं गेलं, हस्तलिखित विखुरलं. गुलाम अली आझाद बिलग्रामी या त्याच्या मित्राने ते शोधून काढलं, सांधलं. हा आझादही खुलताबादलाच विसावला आहे. युद्धानंतरच्या घडीची आठवणसुद्धा अशी लुटीतून वाचली.

तगाईची आठवण मात्र ग्रंथांबाहेरही सापडते. बदनापूरकडे एका बांधावर एक आजोबा भेटले. तुरीच्या ओळीत बसून त्यांनी बोटाने शेजारच्या तुकड्याकडे दाखवलं. “बहात्तरच्या दुष्काळात तगाई घेतली, बैलजोडी आणली, म्हणून हे रान टिकलं,” म्हणाले. मी वही बाहेर काढली, तर त्यांनी आधी शेंगा हातावर ठेवल्या.

मोगलांनंतरचा क्रम सर्वांना ठाऊक आहे: निजामाची राजवट, सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई, १९५६मध्ये मुंबई राज्यात समावेश, १९६०ला महाराष्ट्र, १९८१ला जालना वेगळा जिल्हा.

युक्रेनच्या बातम्या वाचताना मला लढाईनंतर ओस शेत पुन्हा उभं करण्याचा हाच प्रश्न दिसतो.  खारकीव प्रांतातलं इझ्यूम घ्या. २०२२च्या वसंतात ते शहर रशियन फौजेने घेतलं, सप्टेंबरात युक्रेनने सोडवलं. पण शहर सुटलं म्हणजे शेत सुटलं असं नाही. आधी जमिनीतले सुरुंग निघायला हवेत. दोरीऐवजी हातात सुरुंगशोधक, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझं ठाम मत आहे: आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात लढायांना जितकी पानं मिळतात, तितकीच तगाई आणि मोजणीला मिळायला हवीत. मुलूख जिंकायला फौज पुरते. तो पुन्हा नांदता करायला बैलांची सोय आणि झेपेल एवढाच सारा लागतो, आणि हे जमवणाऱ्या माणसांची नावं पोरांना पाठ असली पाहिजेत.